पावणेचार वर्षांची मुलगी लिहीत नाही. शिकवणी लावू का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलीचा जन्म नोव्हेंबरचा, आज वय तीन वर्षं नऊ महिने, जूनपासून ज्युनियर केजीत. शाळेत एबीसीडी आणि १ ते ५० आकडे लिहून घेतात, शिवाय घरी रोज दोन पानं. वही काढली की ती रडते. पेन्सिल मुठीत धरते, एक ओळ झाली की ‘हात दुखतो’ म्हणते. पालकसभेत टीचर म्हणाल्या, ‘जरा स्लो आहे, घरी इंग्रजीत बोलत जा.’ सासूबाई म्हणतात शिकवणी लावा, यजमान म्हणतात शाळा बदलू. यातलं कुणाचं ऐकू?

शिकवणी लावू नका. एवढं मी मुलीला न बघताही सांगते. शाळा बदलायची की नाही ते मात्र बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, त्याकडे नंतर येते. मी या वयाच्या मुलांबरोबर २८ वर्षं काढली. पहिली अकरा एका वस्तीतल्या बालवाडीत, पुढची एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या केजीत. ‘स्लो आहे’ हे वाक्य मीही पालकांना ऐकवलेलं आहे, तेव्हा टीचरची बाजूही मला ठाऊक आहे.

आधी महिने मोजू. आपल्याकडे महाराष्ट्रात पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. त्या हिशेबाने मागे येत ज्युनियरला चार. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरातलं मूल एकाच वर्गात शेजारी बसतात. तुमची मुलगी आज ४५ महिन्यांची, तिच्या वर्गातली जानेवारीची मुलगी ५५ महिन्यांची. मोठ्यांना दहा महिने काहीच वाटत नाहीत, पण तुमच्या मुलीच्या आजवरच्या सगळ्या आयुष्याचा तो पाचव्या हिश्शाहून मोठा भाग आहे. टीचरच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा येतो तेव्हा वरच्या वहीवर नाव असतं, जन्मतारीख नसते. मी बऱ्याच उशिरा हजेरीपटावर प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने जन्ममहिना लिहायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं, माझ्या ‘स्लो’ मुलांत सप्टेंबर ते डिसेंबरवाल्यांचीच गर्दी होती. सगळी नव्हेत, पण मला लाज वाटावी इतकी.

आता हाताकडे बघू. मूल आधी खांद्यातून हात हलवतं, मग कोपरातून, मग मनगटातून, आणि बोटं सगळ्यात शेवटी ताब्यात येतात. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मताना कूर्चेचीच असतात आणि पुढे कित्येक वर्षं हळूहळू टणक होत जातात. पेन्सिल मुठीत धरणारं मूल खरं तर खांद्याने लिहीत असतं. कधी शेजारी बसून नीट बघा: खांदा वर चढलेला, जीभ बाहेर, अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं, आणि पेन्सिलीचा दाब एवढा की मागच्या पानावर ओळ उमटते. अशा हाताने दोन पानं काढली तर तो दुखणारच. ती बहाणा करत नाहीये.

साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल बघून गोल काढतं. चारच्या आसपास अधिकचं चिन्ह जमतं. चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्याच्याही पुढे, कारण तिरकी रेघ सगळ्यात अवघड. आता एबीसीडी आठवा: ए, के, एम, एन, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. सगळ्या तिरक्या रेघा! मराठीचा ‘अ’ त्याहून किचकट आहे. म्हणून तर जुने मास्तर लिहायला शिकवताना अ-आ-इ किंवा क-ख-ग हा क्रम धरत नसत, ग-म-भ-न पासून सुरुवात करत. उभी काठी आणि तिला एक छोटं वळण, बस्स. आणि त्याच्याही आधी धूळपाटी असायची, म्हणजे बोटाने लिहायचं, हाताच्या एका फटक्यात पुसायचं. चुकलेलं कुठे शिल्लकच राहत नसे.

(तिने ३ किंवा एस उलटा काढला तर घाबरू नका. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास दिसतं.)

माझी एक चूक सांगते, तुमच्या घरी तीच होत असणार. सुरुवातीच्या वर्षांत मी पाटीवर ‘अ’ काढून द्यायची आणि एकेका मुलाचा हात धरून गिरवून घ्यायची. एक मुलगा होता, साडेचार वर्षांचा. त्याचा हात माझ्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून राहायचा. लिहायची मी, त्याचा हात नुसता बरोबर फिरायचा. सहा महिने गिरवूनही एकट्याला सोडलं की पाटी कोरी. त्याची आई कोपऱ्यावर गजरे विकायची. एकदा संध्याकाळी घरी जाताना बघते तर हा आईशेजारी फतकल मारून बसलेला, आणि तिला मोगऱ्याच्या कळ्या जोडीजोडीने लावून देत होता. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत कळी धरायची, देठाला देठ जुळवायचा, आईच्या मांडीवरच्या ओल्या फडक्यावर ठेवायची. एकही कळी चेंगरत नव्हती. ज्या मुलाचा ‘हात वळत नाही’ असं मी दप्तरी लिहून ठेवलं होतं, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला रंगीत खडूचा कळीएवढा तुकडा मोडून दिला. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो. त्याने त्या दिवशी पाटीभर ठिपके काढले. ‘अ’ त्यानंतरही सात-आठ महिन्यांनी आला, पण आला तो त्याचा स्वतःचा.

यात मी काही नवीन शोधून काढलं नव्हतं. मॉन्टेसरीच्या गट्टापेटीत, म्हणजे खाचा असलेल्या लाकडी ठोकळ्यात, लाकडी दट्ट्यांना वर इवलीशी मूठ असते. मूल ते दट्टे ज्या तीन बोटांनी उचलून खाचेत बसवतं, त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ होत्या. तिथे त्यांनी याच विचाराची साधनं आसपास मिळणाऱ्या पानं, बिया, शिंपल्यांतून केली, आणि मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आलेला आहे. तेव्हा घरी महागडी ‘लर्निंग किट’ मागवायची गरज नाही. स्वयंपाकघर आहे तेवढं पुरे.

दिवाळीपर्यंतचे तीन महिने घरची लिहायची वही बंद ठेवा. तेवढ्या वेळात हाताला दुसरं काम द्या. सध्या मक्याची कणसं आहेत. एक ओळ तुम्ही सोडवून द्या, पुढचे दाणे तिला अंगठ्याने ढकलून काढू द्या. अंगठ्याला याहून चांगली तालीम मला माहीत नाही. पहिल्या दिवशी ती चार दाणे काढून कंटाळेल, पंधरा दिवसांनी अर्धं कणीस करेल. कोथिंबीर निवडणं, लसणाच्या पाकळ्या सोलणं (त्या आधी पाण्यात टाका, म्हणजे सालं सुटतात), कणकेचा गोळा मळणं, तिच्या छोट्या लाटण्याने वाकडीतिकडी पोळी लाटणं. दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावायचं काम कायमचं तिच्याकडे सोपवा. दोरी तिच्या हाताला पोचेल एवढी खाली बांधा. ओलं फडकं पिळून घ्या तिच्याकडून. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके देताना मात्र शेजारी बसा, आणि घरात आणखी लहान भावंड असेल तर देऊच नका. नाकात दाणा गेलेली दोन मुलं मी स्वतः दवाखान्यात पळवली आहेत.

खांदा आणि मनगटासाठी उभी भिंत सगळ्यात उत्तम. बादलीत पाणी, रंगाऱ्याचा जुना ब्रश, आणि गॅलरीची भिंत. तिला भिंत ‘रंगवू’ द्या. वर, खाली, गोल, हवं तसं. वाळलं की पुसलं जातं, त्यामुळे ‘चुकलं’ म्हणायला कुणाला काही सापडत नाही. उभ्या पृष्ठभागावर काम करताना मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना ते तसंच लागतं. बागेत दांड्याला लोंबकळू द्या, पोटावर पालथं पडून चित्रं काढू द्या. कागद मोठा आणि विनारेघांचा द्या, खडू मोडून द्या. कुठलंही चित्र काढलं की ‘हे काय आहे?’ असं विचारू नका, ‘याच्याबद्दल सांग ना’ म्हणा. ती जे बोलेल ते चित्राखाली तिच्यादेखत तिच्याच शब्दांत लिहा. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि नंतर कुणीतरी तसंच्या तसं वाचून दाखवतं, हे तिला कळलं की लिहिण्याचं कारण तिला सापडेल. आत्ता लिहायचं कशासाठी हेच तिला ठाऊक नाही.

तुम्ही दोघं नोकरी करत असाल तर हे सगळं रोज जमणार नाही, आणि जमायची गरजही नाही. स्वयंपाक होईपर्यंतची पंधरा मिनिटं धरा. सासूबाईंनाही यात घ्या. त्यांना शिकवणी हवी आहे कारण नात मागे पडेल ही भीती आहे. निवडणं-सोलणं आणि गोष्ट सांगणं त्यांच्याकडे सोपवा. ‘आई, टीचरनी सांगितलंय’ असं थोडं खोटं बोललात तरी मी कुणाला सांगणार नाही.

टीचरच्या वाक्याचा दुसरा भाग, ‘घरी इंग्रजीत बोला.’ हे अजिबात मनावर घेऊ नका. ज्या घरात इंग्रजी रुळलेलं नाही तिथे ते फक्त हुकमापुरतं येतं: ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’, ‘डोन्ट टच’. मुलीची दिवसभरातली भाषा एकदम वीस शब्दांवर येते. उलट मराठीत तुम्ही सहज म्हणून जाता, दूध उतू गेलं, पोळी करपली, गूळ विरघळला, भाकरी टम्म फुगली. यातल्या प्रत्येक शब्दात काय झालं आणि कशामुळे झालं हे दडलेलं आहे. विरघळणं म्हणजे काय हे जिने डोळ्यांनी पाहून मराठीत बोलून घेतलंय, तिला त्याचा इंग्रजी शब्द फक्त चिकटवायचा उरतो. जिने ते कशातच बोललेलं नाही तिला शब्दही पाठ करावा लागतो आणि अर्थही. तुम्हाला स्वतःला इंग्रजी सहज येत असेल तर रोज एखादं इंग्रजी चित्रांचं पुस्तक जरूर वाचा. पण जेवताना, भांडताना, झोपवताना आपलीच भाषा.

वाचनाची खरी तयारी कानाने होते. एक खेळ सांगते. ‘मी स्वयंपाकघरातलं एक काहीतरी मनात धरलंय, त्याचा पहिला आवाज प. ओळख!’ परात, पातेलं, पळी, पोळपाट. मग तिची पाळी. ती ‘प’ म्हणून ‘कढई’ धरेल, खुशाल हसा आणि पुन्हा खेळा. शब्दातला पहिला आवाज वेगळा ऐकू यायला लागला की अक्षराला पकडायला जागा मिळते, मग ते अक्षर मराठी असो की इंग्रजी.

आकड्यांचं थोडक्यात. १ ते ५० लिहिणं हे चित्र काढणं आहे, त्याला गणित म्हणू नका. तिला ‘चार वाट्या आण’ सांगा. मोजून बरोबर चार आणल्या तर तिचं गणित वयाला छान चाललं आहे. एकेका वाटीला बोट लावून पाच-सहापर्यंत मोजते का, आणि मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारलं तर शेवटचा आकडा सांगते का, एवढंच बघा. बरीच मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात, तेही ठीकच. आणि आपले मराठी आकडे तर आणखी गमतीचे: पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी, एकोणतीस ऐकू येतं तिसासारखं आणि लिहायचं असतं विसात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. दुसरीतल्या मुलांना सोपं काय पडेल यावर मोठी माणसं इतकी भांडली. इथे पावणेचार वर्षांच्या पोरीकडून ५० पर्यंत उतरवून घेतात आणि कुणाला काही वाटत नाही.

आता शाळेशी काय बोलायचं. पालकसभेत बोलू नका, तिथे टीचरच्या मागे रांग असते. वेळ मागून एकट्या भेटा. ‘तुम्ही चुकीचं शिकवता’ असा सूर लावलात तर दार बंद होईल. एवढंच सांगा: ‘हिचा जन्म नोव्हेंबरचा आहे, वर्गात ही सगळ्यात लहान असेल. तिला वहीची भीती बसायला लागली आहे. दिवाळीपर्यंत घरचं लिखाण थांबवू का? वर्गात तिला पेन्सिलीऐवजी जाड खडू आणि कोरा कागद चालेल का?’ दहातल्या सात टीचर हो म्हणतील, कारण त्यांनाही ते पटलेलं असतं. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं, आणि वही कोरी गेली तर पालकच ऑफिसात येऊन विचारतात, ‘शिकवता तरी काय?’ कबूलच करते, वर्षाअखेरी पालकांना वह्या दाखवायच्या असत तेव्हा तीन-चार मुलांची अर्धवट पानं मी स्टाफरूममध्ये बसून डाव्या हाताने पूर्ण केलेली आहेत. अक्षर लहान मुलासारखं यावं म्हणून डाव्या हाताने. त्या वह्यांचं कौतुकही झालं.

मुख्याध्यापकांपर्यंत जावं लागलंच तर हे लक्षात ठेवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला आहे, आणि त्यासाठी २०२२ मध्ये आलेला अभ्यासक्रम आराखडा खेळ, गोष्टी, गाणी आणि प्रत्यक्ष हाताळण्यावर उभा आहे. म्हणजे लिहिणं-वाचणं पक्कं व्हायला दुसरीपर्यंतचा वेळ धरलेला आहे. तुम्ही शाळेकडे सवलत मागत नाही आहात. पण हे भांडणात शस्त्र म्हणून काढू नका. मूल रोज सकाळी त्याच वर्गात जाऊन बसणार आहे.

शाळा बदलायची का? फक्त लिखाण जास्त आहे एवढ्या कारणासाठी मी बदलणार नाही, कारण जवळची दुसरी शाळाही बहुधा तेच करत असेल. घरचं ओझं काढलं आणि टीचर मायेची असेल तर मूल बरंच निभावून नेतं. पण लिहिलं नाही म्हणून डबा खाऊ देत नसतील, वर्गासमोर उभं करत असतील, हात उगारत असतील, किंवा ती सकाळी उठल्या उठल्या पोट दुखतं म्हणायला लागली असेल, तर वर्ष संपायची वाट बघू नका, फीचे पैसे बुडाले तरी. आणखी एक पर्याय म्हणजे पुढे एक वर्ष थांबवणं. आत्ताच्या हिशेबाने ती पहिलीत जाईल तेव्हा जूनमध्ये पाच वर्षं सात महिन्यांची असेल. मी थांबवलेली काही मुलं बहरली, काहींना मैत्रिणी पुढे गेल्याचं फार लागलं. त्याचा निर्णय आज घेऊ नका, सीनियरच्या फेब्रुवारीत घ्या.

मी मुलीला पाहिलेलं नाही, म्हणून हेही सांगायला हवं. परक्या माणसाला तिचं बोलणं बहुतेक कळत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत असेल, दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारता येत नसेल, इतर मुलांकडे ढुंकूनही बघत नसेल, किंवा आधी येणारी एखादी गोष्ट आता येईनाशी झाली असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कान आणि डोळे तपासून घ्या. खासगीत परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मुलांची अशी तपासणी मोफत होते. यातलं काही नसेल तर नुसती पेन्सिल मुठीत धरते म्हणून डॉक्टर नको.

टॅबवर अक्षरं गिरवायचं ॲप चालेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. काचेवर बोट घसरतं, हाताला काहीच विरोध होत नाही. शिवाय वाकडं फिरवलं तरी टाळ्या वाजतात. ताटात बारीक रवा पसरा आणि त्यात बोटाने काढू द्या, नंतर त्याचाच शिरा करा.

दोन गोष्टी बघून मला कळवा. गोल काढताना तिची रेघ सुरुवातीला येऊन मिळते, की तोंड उघडं राहतं? आणि घास कोणत्या हाताने घेते, चेंडू कोणत्या हाताने फेकते? तुम्ही लिहिलंय की ‘पेन्सिल उजव्या हातात दिली की ती लगेच दुसऱ्या हातात घेते.’ ती डावखुरी असेल आणि शाळेत कुणी तिच्याकडून उजव्याने लिहून घेत असेल, तर ती रडते त्याचं कारणच वेगळं असेल, आणि टीचरशी बोलताना सुरुवात तिथूनच करावी लागेल.